व्हिडिओवरचं स्टॉपवॉच खऱ्या वेळेशी जुळत नाही? दोष कुठे शोधायचा

मोबाइलवर घेतलेल्या शर्यतीच्या व्हिडिओवर पळतं स्टॉपवॉच टाकायचं म्हटलं की काम पाच मिनिटांचं वाटतं. टायमर टाकला, अंक पिवळे केले, कोपऱ्यात नेऊन बसवला, झालं. अडचण पुढे येते. हातातल्या घड्याळावर १४.६ सेकंद आलेली असतात आणि व्हिडिओत धावपटू रेषेवर येतो तेव्हा १५.१ दिसतात. मग टायमर अर्ध्या सेकंदाने मागेपुढे ओढायचा. शेवट जुळतो, पण सुरुवात बिघडते. सुरुवात जुळवावी तर मधला लॅप चुकतो. तेही कसंबसं निभावलं, तर पुढच्या व्हिडिओत पुन्हा तेच, आणि या वेळी फरक उलट्या बाजूला.

हा त्रास परत परत होतो, कारण दुरुस्ती भलत्याच जागी केली जाते. एडिटरमधलं स्टॉपवॉच मैदानावरची वेळ मोजत नाही. टाइमलाइनवर किती फ्रेम (व्हिडिओतली एक-एक स्थिर चित्रं) सरकल्या, त्याला फ्रेम रेटने, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्या आकड्याने, भागलं की किती सेकंद होतात, एवढंच ते दाखवतं. फ्रेम आपापल्या जागी बसलेल्या असतील तर अंक बरोबर येतात, नसतील तर चुकतात. टायमर स्वतः सहसा बिघडलेला नसतो. एक तर व्हिडिओ फाइलमधला वेळेचा हिशोब बिघडलेला असतो, नाहीतर आपण शून्य चुकीच्या ठिकाणी धरलेलं असतं. त्यामुळे टायमरला हात लावण्याआधी फरक कसा पडतोय ते बघा. फरक पहिल्यापासून तेवढाच राहतो का, सारखा वाढत जातो का, की मध्येच चुकून पुन्हा जुळतो? या तीन चालींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

आधी एक चाचणी

दुसऱ्या एखाद्या फोनवर स्टॉपवॉच सुरू करा. ज्या फोनने शर्यत शूट करता त्याच फोनने, त्याच सेटिंगवर, त्या स्टॉपवॉचचं दोन-तीन मिनिटं शूटिंग करा. निम्मा वेळ चांगल्या उजेडात घ्या आणि निम्मा वेळ मुद्दाम अंधूक जागेत. मग ही क्लिप नेहमीच्याच पद्धतीने एडिटरमध्ये आणा, टायमर टाका, एक्स्पोर्ट करा. आता चित्रात दोन घड्याळं आहेत, एक खरं आणि एक तुम्ही टाकलेलं. दर वीस-तीस सेकंदांवर व्हिडिओ थांबवून दोन्हींतला फरक कागदावर लिहा.

शतांशाचे अंक वाचायचा हट्ट धरू नका. बऱ्याच फोनची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते आणि कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये दोन-दोन अंक एकमेकांवर चढलेले दिसतात. दशांशापर्यंत जुळलं तरी निदानाला पुरतं.

ही चाचणी करायचा लोकांना कंटाळा येतो, पण मी तिच्यावर अडून बसेन. शर्यतीच्या व्हिडिओत खरी वेळ कुणालाच नक्की माहीत नसते. हातातल्या स्टॉपवॉचमध्येही दाबणाऱ्याचा उशीर मिसळलेला असतो. दोन अंदाज एकमेकांशी ताडून पाहण्यात तासन् तास जातात आणि हाती काही लागत नाही.

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर

टायमरची गती ठीक आहे, शून्य चुकलंय. आणि शून्य चुकण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे आवाज.

एडिटरमध्ये ऑडिओची लाट दिसते, तिच्यात पिस्तुलाच्या बाराचं किंवा शिट्टीचं टोक उठून दिसतं आणि टायमर तिथून सुरू करायचा मोह होतो. पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो (२० अंश सेल्सियस तापमानाला). १०० मीटरच्या शर्यतीत कॅमेरा शेवटच्या रेषेपाशी असेल तर बार ऐकू येईपर्यंत सुमारे ०.२९ सेकंद गेलेली असतात. टायमर तेवढा उशिरा सुरू होतो आणि धावपटूची वेळ तेवढीच कमी दिसते. अ‍ॅथलेटिक्समध्ये हाताने वेळ घेणाऱ्यांनी बाराच्या आवाजावर न जाता पिस्तुलाचा धूर किंवा ज्वाला पाहून घड्याळ सुरू करायचं, असा नियमच आहे. व्हिडिओतही तेच करा. एक-एक फ्रेम पुढे सरकत जा आणि धूर जिथे पहिल्यांदा दिसतो ती फ्रेम शून्य धरा.

शिट्टीवर सुरुवात असेल तर पाहण्यासारखं काही नसतं. तिथे हिशोब करावा लागतो: कॅमेरा शिट्टीपासून जितका लांब, त्या दर १० मीटरला ०.०३ सेकंद. ४० मीटर अंतर असेल तर आवाजाच्या टोकापासून ०.१२ सेकंद मागे या आणि तिथे शून्य ठेवा.

काही जण धावपटूचं शरीर हलल्याबरोबर घड्याळ सुरू करतात. दिसायला हे अचूक वाटतं, पण त्यात प्रतिक्रियेचा वेळ गळून जातो. बार झाल्यावर ०.१ सेकंदाच्या आत झालेली हालचाल अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत चुकीची सुरुवात मानली जाते, म्हणजे नियमात निघालेला धावपटू त्याहून जास्तच वेळ घेतो. हालचालीपासून मोजलं तर प्रत्येक शर्यतीत निदान दशांश सेकंद फुकट कमी होतो, आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत वेगवेगळा. दोन मुलांच्या किंवा दोन आठवड्यांच्या वेळांची तुलना करायची असेल तर ही पद्धत सोडाच.

बिनतारी माइक मध्ये असेल तर त्याचा उशीर वेगळा, आणि तो उपकरणागणिक बदलतो. तपासायला सोपं आहे: कॅमेऱ्याजवळ उभं राहून एक टाळी वाजवा. तळहात भिडतात ती फ्रेम आणि आवाजाचं टोक एकाच जागी आलं पाहिजे. येत नसेल तर जितकं अंतर दिसतं तितकी दुरुस्ती त्या उपकरणासाठी कायमची लिहून ठेवा.

ठरावीक फरकाचं दुसरं कारण सहजी ध्यानात येत नाही. क्लिप फोनच्या गॅलरीतच थोडी कापून मग संगणकावर आणली जाते. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे सगळी फाइल नव्याने न बनवता, कापायचं तर व्हिडिओ हव्या त्या फ्रेमवर कापता येत नाही, फक्त कीफ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेली, अधूनमधून येणारी फ्रेम) कापता येतो. म्हणून अ‍ॅप आधीच्या काही फ्रेम फाइलमध्ये तशाच ठेवतं आणि ‘इथून दाखवायला सुरुवात कर’ अशी नुसती नोंद करतं. एक प्रोग्राम ती नोंद वाचतो, दुसरा वाचत नाही. फोनवर क्लिप ‘सेट’पासून सुरू होते आणि एडिटरमध्ये तिच्या आधीचा सेकंदभराचा तुकडा उगवतो. फोनवर पाहून सुरुवातीची वेळ टिपली असेल तर ती इथे तेवढीच चुकणार. उपाय एकच: न कापलेली मूळ फाइल एडिटरमध्ये आणा आणि कापायचं ते तिथे कापा.

फरक सारख्या गतीने वाढत जात असेल तर

मिनिटाला किती वाढतो ते काढा. मिनिटाला सुमारे ०.०६ सेकंद असेल तर २९.९७ आणि ३० या दोन फ्रेम रेटची गल्लत आहे (किंवा ५९.९४ आणि ६० यांची). हा विचित्र आकडा १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हापासून चालत आलाय. नेमका आकडा ३०००० भागिले १००१, म्हणजे ३० पेक्षा हजारात एक भाग कमी. १०० मीटरच्या शर्यतीत हा फरक डोळ्यांना कळणारही नाही. पाच मिनिटांच्या १५०० मीटरमध्ये तो ०.३ सेकंद होतो आणि तासाभराच्या सामन्यात ३.६ सेकंद.

यात सापडतात ते फ्रेमचे आकडे मोजून वेळ काढणारे किंवा टाइमकोडलाच (एडिटरमधला फ्रेम मोजणारा तास-मिनिट-सेकंदाचा आकडा) घड्याळ समजणारे. एक उदाहरण घ्या. सुरुवात २१४ व्या फ्रेमला, शेवट १०८६ व्या फ्रेमला. मध्ये ८७२ फ्रेम. क्लिप ५९.९४ ची असेल तर वेळ १४.५४८ सेकंद. ६० ने भागलं तर १४.५३३. छोट्या शर्यतीत चालून जाईल, लांब शर्यतीत नाही. क्लिपचा खरा फ्रेम रेट पाहायचा आणि प्रोजेक्टचा फ्रेम रेट अगदी तोच ठेवायचा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटरमध्ये हे पहिली क्लिप टाकण्याआधीच ठरवायला लागतं. क्लिपचा फ्रेम रेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का, असं तो विचारतो तेव्हा घाईघाईत नकार देऊ नका. एक्स्पोर्ट करतानाही तोच आकडा ठेवा.

मिनिटाला काही सेकंद, असा मोठा फरक असेल आणि तुम्ही टायमर म्हणून नेटवरून उतरवलेलं पळत्या अंकांचं जीआयएफ चित्र वापरत असाल, तर शोध तिथेच थांबवा. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची ते शतांश सेकंदाच्या पूर्ण आकड्यातच लिहिता येतं. ३० फ्रेमच्या घड्याळाला प्रत्येक फ्रेमसाठी ३.३३ शतांश हवेत. लिहिले जातात ३. त्यामुळे मिनिटभराचे १८०० फ्रेम ५४ सेकंदांत संपतात. असं घड्याळ कितीही सुंदर दिसलं तरी वेळ मोजायच्या कामाचं नाही. एडिटरचा स्वतःचा टायमर वापरा. शॉटकट या एडिटरमध्ये ‘टायमर’ नावाचा फिल्टरच आहे आणि तो फुकट आहे. किती उशिरा सुरू व्हायचं, किती वेळ पळून थांबायचं, आधीपासून किती वेळ धरायची आणि किती गतीने पळायचं, हे सगळं त्यात आकडे टाकून ठरवता येतं. घरच्या व्हिडिओंसाठी मी तोच सुचवतो. धावपटू रेषेवर पोचला की अंक तिथेच थिजले पाहिजेत, आणि ते त्यात ‘किती वेळ पळायचं’ या एका आकड्याने होतं.

मध्येच चुकतं, मध्येच जुळतं

सगळ्यांत जास्त माणसं इथे हैराण होतात. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मधले लॅप मात्र काही सेकंदांनी चुकलेले. किंवा सकाळचे व्हिडिओ ठीक आणि संध्याकाळचे बिघडलेले. फोन तोच, एडिटर तोच, टायमर तोच.

कारण बदलता फ्रेम रेट. फोनला ३० किंवा ६० फ्रेम सांगितल्या म्हणून तो प्रत्येक सेकंदाला तेवढ्याच घेतो असं नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश लागतो, म्हणून तो फ्रेमची संख्या खाली आणतो. फोन तापला, किंवा मेमरीत लिहिण्याचं काम मागे पडलं, तर फ्रेम गळतात. यात फोनच्या दृष्टीने चूक काहीच नाही. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत ती नेमकी कोणत्या क्षणी दाखवायची ते लिहिलेलं असतं, आणि फोनचा प्लेअर ते पाळतो. म्हणून फोनवर व्हिडिओ एकदम व्यवस्थित दिसतो. काही एडिटर मात्र ही नोंद बाजूला सारून सरासरी काढतात आणि सगळ्या फ्रेम एकसारख्या अंतरावर मांडून मोकळे होतात.

आकड्यांत पाहिलं की हे लगेच उलगडतं. दोन मिनिटांची क्लिप आहे. पहिलं मिनिट चांगला उजेड, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे १८०० फ्रेम. मग ढग आले. दुसऱ्या मिनिटात सेकंदाला २४, म्हणजे १४४० फ्रेम. एकूण ३२४० फ्रेम १२० सेकंदांत, सरासरी २७. आता एडिटरने सगळ्या फ्रेम २७ च्या हिशोबाने मांडल्या, तर पहिल्या मिनिटाच्या १८०० फ्रेमना ६६.७ सेकंद लागतात. मैदानावर बरोबर एक मिनिट झालंय आणि पडद्यावर घड्याळ १ मिनिट ६.७ सेकंद दाखवतंय. दुसऱ्या मिनिटात फ्रेम भराभर संपतात आणि शेवटी घड्याळ इमानदारीत दोन मिनिटांवर येऊन थांबतं. फक्त शेवट तपासणाऱ्याला यात काही बिघडलंय याची शंकाही येणार नाही. एक खूण मात्र असते: मधल्या भागात आवाज आणि चित्र जुळत नाही. चेंडू बॅटवर बसलेला दिसतो आणि टप्पकन आवाज नंतर किंवा आधीच येतो. असं दिसलं की टायमरवर संशय घेणं बंद करा.

खात्री करायला मीडियाइन्फो या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोडच्या ओळीत ‘कॉन्स्टंट’ की ‘व्हेरिएबल’ ते लिहिलेलं असतं, आणि खाली किमान व कमाल फ्रेम रेट. इथे थोडा सबुरीने निर्णय घ्यायला हवा, कारण ‘व्हेरिएबल’ शब्द दिसला की लोक घाबरतात. किमान २८.५७१ आणि कमाल ३१.५७९ असे आकडे बऱ्याच फाइलींत दिसतात, आणि ते धोक्याचे नसतात. त्या फाइलीत सेकंदाचे ६०० भाग धरलेले असतात. ३० फ्रेमच्या हिशोबाने प्रत्येक फ्रेमला २० भाग यायला हवेत. कधी १९ येतात, कधी २१. पुढच्या फ्रेममध्ये तो फरक भरून निघतो, घड्याळ भरकटत नाही. किमान आकडा २४, १८ किंवा त्याहून खाली गेलेला दिसला, तर मात्र एडिट करण्याआधी फाइल बदलून घ्यायलाच हवी.

बदलून घ्यायची म्हणजे स्थिर फ्रेम रेटची नवी प्रत बनवायची. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेम रेटचा आकडा स्वतः निवडा आणि शेजारी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा. ‘पीक फ्रेमरेट’ तसाच राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण तो फक्त वरची मर्यादा घालतो, फ्रेम सारख्या करत नाही. आकडा निवडताना क्लिपच्या सर्वांत जास्त फ्रेम रेटच्या जवळचा घ्या. ६० ची क्लिप ३० वर आणली तर शेवटच्या रेषेवरच्या निम्म्या फ्रेम तुम्ही स्वतःच्या हाताने टाकून दिल्यासारखं होईल. क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवा. तिथे आकडा कमी म्हणजे दर्जा जास्त. शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे एडिटर बदलत्या फ्रेम रेटची क्लिप आत घेताना स्वतःहून विचारतात की एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलून देऊ का. हो म्हणा. फाइल मोठी होईल, थोडा वेळ जाईल, पण पुढचे सगळे तास वाचतील. नवी प्रत झाल्यावर आधी टाळी किंवा चेंडूचा आवाज मधल्या भागात जुळतोय का ते पाहा, आणि मगच टायमर टाका.

एक गोष्ट या बदलाने परत मिळत नाही. अंधाऱ्या भागात ज्या फ्रेम कॅमेऱ्याने घेतल्याच नाहीत त्यांच्या जागी आधीच्याच फ्रेमची नक्कल बसते. घड्याळ बरोबर पळेल, पण त्या भागात धावपटू दोन-दोन फ्रेम एकाच जागी उभा दिसेल.

म्हणून खरा इलाज शूटिंगच्या वेळीच करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम) किंवा कमी उजेडात फ्रेम रेट आपोआप घटवणारी अशी सोय असते. ती बंद करा. चित्र थोडं काळपट आलं तरी चालेल, वेळ शाबूत राहते. शटरचा वेग हाताने ठरवू देणारं कॅमेरा अ‍ॅप असेल तर भर उजेडात तो १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा, म्हणजे रेषेवरचं धड धूसर येणार नाही. फोन कडक उन्हात तासभर तापत ठेवू नका. आणि फाइल संगणकावर आणताना मेसेजिंग अ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे तो पुन्हा दाबून लहान केला जातो. केबलने आणा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्लो मोशन

फरक पटींमध्ये असेल, १५ सेकंदांची शर्यत दोन मिनिटं दाखवत असेल, तर क्लिप २४० फ्रेमवर घेतलेली आणि ३० वर मांडलेली आहे. आठपट. १२० वर घेतलेली असेल तर चौपट. टायमरची गती त्याच प्रमाणात कमी करा: आठपटीला ०.१२५, चौपटीला ०.२५.

हे सरळ आहे. घोळ होतो तो फोन सुरुवात आणि शेवट नेहमीच्या गतीत ठेवून फक्त मधला भाग संथ करतो तेव्हा. अशा क्लिपवर कोणत्याही एका गतीचा टायमर बसणार नाही, आणि तिथे तासन् तास डोकं लावण्यात अर्थ नाही. फोनच्या एडिटमध्ये जाऊन संथ पट्टा पूर्ण काढून टाका, किंवा फोनमधून मूळ, न बदललेली फाइल बाहेर काढा. नुसतं शेअर केलं तर गतीचे ते चढउतार व्हिडिओत कायमचे बसून येतात.

मला पटलेली पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी क्लिप खऱ्या गतीत ठेवून, प्रोजेक्टचा फ्रेम रेट क्लिपएवढाच म्हणजे १२० किंवा २४० ठेवून, टायमरसकट एक्स्पोर्ट करा. मग त्या तयार व्हिडिओचा हवा तो भाग संथ करा. अंक आता चित्राचाच भाग झालेले असल्यामुळे तेही आपोआप संथ होतात, आणि गती कितीही वेळा बदलली तरी खरी वेळच दाखवतात. पहिल्या टप्प्यात प्रोजेक्ट ३० वर राहिला तर मात्र जादा फ्रेम तिथेच गळतील आणि संथ करायला काही उरणार नाही.

कापाकापीचे घोळ

शर्यतीच्या मधला कंटाळवाणा भाग कापला की घड्याळ एक तर पुन्हा शून्यापासून सुरू होतं किंवा कापलेला वेळ गिळून पुढे जातं. वरचाच नियम इथेही लावा: आधी टायमर चित्रात पक्का करून एक्स्पोर्ट, कापणं नंतर. कापल्यावर अंक १ मिनिट २० वरून २ मिनिटं ५ वर उडी मारतील, आणि तेच बरोबर आहे. व्हिडिओच्या सुरुवातीला नावाची पाटी जोडायची असेल तर तीही नंतरच जोडा. पूर्ण ट्रॅकला लावलेला टायमर पाटी घुसवल्यावर जागचा हलत नाही आणि पाटीच्या लांबीएवढा आधी पळायला लागतो.

अ‍ॅक्शन कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे आपोआप तुकडे पाडतात, बऱ्याचदा ४ जीबीच्या आसपास. सगळे तुकडे क्रमाने, मधला एकही न वगळता जोडा, आणि नावांच्या क्रमावर विसंबू नका; शेवटची फ्रेम आणि पुढच्या तुकड्याची पहिली फ्रेम डोळ्यांनी ताडून पाहा.

रेकॉर्डिंग करतानाच पॉजचं बटण दाबलेलं असेल तर त्यावर उपाय नाही. पॉजमध्ये गेलेली वेळ फाइलमध्ये नसते आणि ती कोणत्याही एडिटरला काढता येत नाही. अशा व्हिडिओवर पळतं घड्याळ टाकू नका. हाताने घेतलेल्या लॅपच्या वेळा साध्या मजकुरात लिहा. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग चालूच ठेवा.

किती अंक दाखवायचे

एडिटर हजारांश सेकंदापर्यंत अंक द्यायला तयार असतो, म्हणून ते दाखवावेत असं नाही. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ०.०३३ सेकंदाचं अंतर असतं. सेकंदाला ८ मीटर धावणारा मुलगा तेवढ्यात २७ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे एका फ्रेममध्ये छाती रेषेच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये वीतभर पलीकडे. रेषेवरचा क्षण कॅमेऱ्याने पाहिलाच नाही. ६० फ्रेमला हे अंतर १३ सेंटिमीटर, २४० ला जेमतेम ३. म्हणून ३० आणि ६० च्या व्हिडिओवर एकच दशांश अंक दाखवा, १२० पासून पुढे दोन. हजारांशाचा अंक घरच्या कॅमेऱ्याला कधीच शोभत नाही. दोन मुलं एकाच दोन फ्रेमच्या मध्ये रेषा ओलांडत असतील तर त्यांचा क्रम अंकांवरून ठरवणं त्या मुलांवर अन्याय करणारं आहे.

कॅमेऱ्याची जागा तर याहूनही महत्त्वाची. तो शेवटच्या रेषेच्या बरोबर रेघेत, बाजूला हवा. थोडा जरी पुढे किंवा मागे असला तरी जवळच्या लेनचा आणि लांबच्या लेनचा धावपटू रेषेवर वेगवेगळ्या वेळी पोचल्यासारखे दिसतात. मग टायमर कितीही अचूक जुळवा, वाचलेली वेळ चुकीचीच. रेषेला डोकं किंवा हात लागला हे पाहू नका, धड कधी पोचलं ते पाहा.

हाताने घेतलेल्या वेळेला अ‍ॅथलेटिक्समध्ये पूर्णांकनाचा एक नियम आहे: वेळ नेहमी पुढच्या, म्हणजे जास्तीच्या दशांशाकडे न्यायची. १०.११ आली तर १०.२ नोंदवायची. घरच्या व्हिडिओवरची अंतिम वेळ लिहितानाही मी हाच नियम पाळतो, कारण मग कोणत्याही मुलाला न कमावलेली वेळ मिळत नाही.

राहिला अंकांचा थरथराट. टायमर जागच्या जागी डावीउजवीकडे हलतो तो फाँटमुळे; काही फाँटमध्ये एकचा आकडा बाकीच्यांपेक्षा अरुंद असतो. रोबोटो मोनो किंवा कुरिअरसारखा सगळे अंक सारख्या रुंदीचे असलेला फाँट निवडा, मागे गडद पट्टी द्या आणि अंक चित्राच्या उंचीच्या निदान विसाव्या भागाएवढे मोठे ठेवा. पाठवताना व्हिडिओ दाबला गेला तर छोटे अंक आधी विरघळतात, आणि आठचा तीन वाचला जातो.

एक्स्पोर्ट झालेली फाइल पाठवण्याआधी तीन ठिकाणी थांबवून पाहा: धुराची फ्रेम, कोणताही एक मधला लॅप, आणि रेषेची फ्रेम. तिन्ही जुळत असतील तर मूळ न कापलेली क्लिप आणि शून्य धरलेल्या फ्रेमचा आकडा एकाच फोल्डरमध्ये ठेवून द्या. कुणी वेळेवर शंका घेतली, तर पुन्हा मोजायला एवढं पुरतं.